न्गुगी वा थिओंगो : एका भाषिक निर्णयाचा इतिहास

१

न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) या केनियन कादंबरीकाराचा उल्लेख भारतीय भाषांतील समीक्षेत बहुधा एका पुस्तकाच्या आणि एका निर्णयाच्या संदर्भात होतो. पुस्तक 'डीकॉलनायझिंग द माइंड' (१९८६) हे; आणि निर्णय इंग्रजी सोडून गिकुयु या मातृभाषेत लिहिण्याचा. या दोहोंचा संबंध सामान्यतः असा गृहीत धरला जातो की, वसाहतवादाने लादलेल्या भाषेविषयी एक सिद्धान्त या लेखकाच्या मनात आधी सिद्ध झाला आणि त्याला अनुसरून त्याने पुढे लेखनाची भाषा बदलली. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या देशीयतेच्या विचाराशेजारी न्गुगींना बसवावयाचा मोह होतो, तोही याच गृहीतकाच्या बळावर.

वस्तुतः घटनाक्रम उलटा आहे. न्गुगींचे गिकुयुतील पहिले नाटक १९७७ सालचे, त्या भाषेतील पहिली कादंबरी १९८० सालची आणि भाषाविषयक सिद्धान्त ज्या व्याख्यानांतून आकाराला आला ती ऑकलंड विद्यापीठातील व्याख्याने १९८४ सालची. कृती आधी घडली, तिची किंमत मोजली गेली आणि उपपत्ती त्यानंतर आली. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे न्गुगींच्या भाषाविचाराचा अर्थही काहीसा बदलतो. त्यांच्या चरित्राची व वाङ्मयीन कारकिर्दीची मांडणी येथे या दृष्टीने करावयाची आहे.

२

न्गुगींचा जन्म ५ जानेवारी १९३८ रोजी केनियातील लिमुरूजवळच्या कामिरीथु या गावी झाला. बाप्तिस्म्याचे नाव जेम्स. वडिलांच्या चार बायका आणि मोठे एकत्र कुटुंब. आई वांजिकू ही तिसरी. नैरोबीच्या उत्तरेकडील हा सुपीक डोंगराळ टापू गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावलेल्या जमिनींपैकी होता. न्गुगींच्या वडिलांनी जमीन घेतली होती ती परंपरेप्रमाणे, साक्षीदारांसमक्ष, तोंडी व्यवहाराने. त्याच जमिनीवर मिशनशी संबंधित एका मातबर माणसाने लेखी कागदाच्या आधारे हक्क सांगितला आणि न्यायालयात कागद टिकला, शब्द टिकला नाही. वडील स्वतःच्या जमिनीवर कूळ झाले. हा प्रसंग न्गुगींनी 'ड्रीम्स इन अ टाइम ऑफ वॉर' (२०१०) या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडात सांगितला आहे. मौखिक संस्कृतीवर लेखी सत्तेने केलेली मात ही त्यांच्या लेखी अमूर्त कल्पना नव्हती. ती घरातली हकीकत होती.

ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिश सरकारने माऊ माऊ उठावाविरुद्ध आणीबाणी पुकारली. न्गुगींचा थोरला भाऊ जंगलातील बंडखोरांना जाऊन मिळाला. एक सावत्र भाऊ बहिरा होता; सैनिकाने थांबण्याचा दिलेला हुकूम त्याला ऐकू आला नाही आणि तो गोळीने मारला गेला. आईला पहाऱ्याच्या ठाण्यात नेऊन तिचा छळ करण्यात आला. १९५५ मध्ये न्गुगी अलायन्स हायस्कूल या नामवंत मिशनरी शाळेत दाखल झाले. पहिले सत्र संपवून ते घरी परतले तेव्हा घर जागेवर नव्हते. बंडखोरांना रसद मिळू नये म्हणून विखुरलेल्या वस्त्या उद्ध्वस्त करून लोकांना पहाऱ्यातील गावांत कोंबण्याचे धोरण सरकारने अवलंबिले होते आणि त्यात ही वस्तीही गेली होती.

याच काळात शिक्षणाचे माध्यमही बदलले. गिकुयु समाजाने स्वतः चालविलेल्या स्वतंत्र शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि इंग्रजीची सक्ती आली. शाळेच्या आवारात गिकुयु बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत, किंवा तो मूर्ख वा गाढव असल्याचे सांगणारी पट्टी त्याच्या गळ्यात अडकवली जाई. गुन्हेगार हुडकण्याची तऱ्हा मासलेवाईक होती. एक गुंडी सकाळी एका मुलाच्या हाती दिली जाई. जो कोणी मातृभाषेत बोलेल त्याच्याकडे ती जाई आणि संध्याकाळी गुंडीच्या प्रवासावरून सगळे अपराधी सापडत. मुले अशा रीतीने एकमेकांची पहारेकरी होत. रात्री शेकोटीभोवती सशाच्या आणि हायनाच्या गोष्टी ज्या भाषेत रंगत, तीच भाषा दिवसा लाजिरवाणी ठरे.

युगांडातील मकेरेरे विद्यापीठ महाविद्यालयात न्गुगी १९५९ मध्ये गेले. जून १९६२ मध्ये तेथे आफ्रिकी लेखकांची गाजलेली परिषद भरली. इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची ती परिषद होती आणि म्हणूनच नावावर दोन-चार इंग्रजी कथा असलेल्या विद्यार्थ्याला तेथे प्रवेश होता. स्वाहिली किंवा योरुबा भाषेत आयुष्यभर लिहिणाऱ्या ज्येष्ठांना नव्हता. हा विरोधाभास न्गुगींनी पुढे स्वतःच नोंदविला. त्या वेळी मात्र त्यांनी आपल्या कादंबरीचे हस्तलिखित चिनुआ अचेबे यांना दाखविले आणि हाइनमान प्रकाशनाच्या 'आफ्रिकन रायटर्स सिरीज'चा मार्ग त्यांना खुला झाला. 'वीप नॉट, चाइल्ड' (१९६४), 'द रिव्हर बिट्वीन' (१९६५) आणि लीड्स विद्यापीठात असताना लिहिलेली 'अ ग्रेन ऑफ व्हीट' (१९६७) या तीन कादंबऱ्यांनी त्यांची कीर्ती प्रस्थापित केली.

यांतील तिसरी कादंबरी सर्वांत प्रौढ. १२ डिसेंबर १९६३ च्या स्वातंत्र्यदिनाभोवती ती गुंफलेली आहे. गाव ज्याला वीर मानून सत्काराच्या व्यासपीठावर बोलावते त्या मुगोनेच क्रांतिकारक किहिकाचा विश्वासघात केलेला असतो. अनेक पात्रांच्या आठवणींतून मागेपुढे सरकणारे निवेदन आणि अपराधाची सार्वजनिक कबुली यांतून स्वातंत्र्याच्या पहाटेच त्याविषयीची साशंकता व्यक्त होते. तथापि, या कादंबरीतील शेतकरी ज्यांच्यावरून बेतले आहेत ते शेतकरी ती वाचू शकत नव्हते. या जाणिवेने १९६७ मध्येच न्गुगी अस्वस्थ झाले होते. इंग्रजीत लिहीत राहण्यात अर्थ आहे की नाही अशी शंका त्यांनी लीड्समधील एका मुलाखतीत बोलून दाखविली होती. नायजेरियन समीक्षक ओबी वाली यांनी तर १९६३ मध्येच 'ट्रान्झिशन' या नियतकालिकातून युरोपीय भाषांत लिहिले जाणारे आफ्रिकी साहित्य कुंठित होणार असे बजाविले होते. म्हणजे युक्तिवाद उपलब्ध होता आणि शंकाही होती. असे असूनही पुढची दहा वर्षे न्गुगी इंग्रजीतच लिहीत राहिले. केवळ वैचारिक पटण्याने भाषा बदलत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

३

१९६७ मध्ये न्गुगी नैरोबीच्या विद्यापीठ महाविद्यालयात अध्यापक झाले. ऑक्टोबर १९६८ मध्ये हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या सहकाऱ्यांसह त्यांनी इंग्रजी विभाग रद्द करावा अशी मागणी करणारे निवेदन सादर केले. एकाच संस्कृतीच्या ऐतिहासिक सातत्याचा अभ्यास करावयाचाच असेल तर ती संस्कृती आफ्रिकेची का असू नये, असा त्यांचा प्रश्न होता. मौखिक वाङ्मय अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणावे, त्याभोवती आफ्रिकी, कॅरिबियन आणि मग अन्य साहित्य यावे, अशी ती रचना होती. पुढे तेथे इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग उभा राहिला आणि न्गुगी त्याचे प्रमुखही झाले. अभ्यासविषय बदलण्याची ही लढाई मोठीच होती. परंतु अध्यापनाचे माध्यम इंग्रजीच राहिले, आणि मौखिक परंपरेचा गौरवही त्याच भाषेतून होत राहिला.

हा तिढा सुटला तो विद्यापीठात नव्हे. १९७६ च्या सुमारास कामिरीथुतील एका स्त्रीने घरी येऊन न्गुगींना विचारले की, तुम्ही शिकलेले आहात, तुमचे शिक्षण गावाच्या काय कामाचे? ही विनंती पुनःपुन्हा आली आणि न्गुगी, न्गुगी वा मिरी व अन्य सहकारी गावच्या शैक्षणिक व सांस्कृतिक केंद्राच्या कामात ओढले गेले. प्रौढ साक्षरतेचे वर्ग आणि नाटक हे त्या कामाचे दोन भाग होते. कुळे, शेतमजूर, चहामळ्यांतले व जवळच्या बूट कारखान्यातले कामगार हे तेथले विद्यार्थी आणि नटही. नाटक कोणत्या भाषेत करावयाचे हा प्रश्न तेथे चर्चेलाही आला नसावा. तेथे दुसरी भाषा शक्यच नव्हती.

'न्गाहिका न्देंडा' (मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन) या नाटकाची संहिता दोघा न्गुगींच्या नावावर असली तरी ती घडत गेली ती सामूहिक वाचनांतून. गावकऱ्यांनी संवाद दुरुस्त केले, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी तरुणाची भाषा कशी आली म्हणून लेखकांना धारेवर धरले, समारंभाच्या गाण्यांतील चुका दाखविल्या, आणि कारखान्यातल्या श्रमाचे व मजुरीचे तपशील स्वतःच्या अनुभवातून पुरविले. तालमी उघड्यावर होत. बघणारे टीका करीत आणि त्याप्रमाणे प्रयोग बदले. सुमारे दोन हजार माणसे बसतील असे खुले नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतः उभारले. इंग्रजीतील चार कादंबऱ्या नावावर असलेला प्राध्यापक येथे आपलीच भाषा निरक्षर माणसांकडून नव्याने शिकत होता. आपले हे पुनर्शिक्षण होते, असे न्गुगींनी नंतर कृतज्ञतेने नमूद केले आहे.

१९७७ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरते. त्या वर्षीच्या जुलैत 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी नैरोबीत समारंभपूर्वक प्रकाशित झाली. इल्मोरोग या दुष्काळी खेड्याचे भांडवली शहरात होणारे रूपांतर, मद्यनिर्मितीच्या कंपनीतील तिघा बड्या माणसांचा मृत्यू आणि मुनिरा, कारेगा, वांजा व अब्दुल्ला या चौघांवरील संशय अशी तिची रचना आहे. स्वातंत्र्योत्तर केनियातील सत्ताधारी वर्गावर इतका स्पष्ट आरोप त्याआधी कादंबरीत झाला नव्हता. तरीही तिच्या प्रकाशनाला मंत्रिमंडळातील म्वाई किबाकी उपस्थित होते. २ ऑक्टोबर १९७७ रोजी कामिरीथुत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. जमीन बळकावणारा नवश्रीमंत आणि त्याच्या पेचात सापडलेले गरीब कुटुंब हे त्याचे कथानक. आरोप तोच, आरोपीही तोच. रविवारच्या प्रयोगांना दुरून माणसे येऊ लागली. १६ नोव्हेंबरला प्रयोगाचा परवाना रद्द झाला. वर्षाच्या अखेरच्या रात्री न्गुगींना घरातून नेण्यात आले आणि खटला न चालविता कामिती येथील कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात स्थानबद्ध केले गेले.

स्थानबद्धतेचे नेमके कारण त्यांना कधीही सांगण्यात आले नाही. परंतु सहा महिन्यांच्या अंतरातील या दोन घटना शेजारी ठेवल्या की राज्यसंस्थेचे साहित्यविषयक आकलन उघड होते. इंग्रजीतील टीका तिला सहन होत होती, कारण तिचा वाचक ठरावीक होता. तीच टीका ज्यांच्याविषयी होती त्यांच्या भाषेत, त्यांच्याच तोंडून उच्चारली गेली तेव्हा ती कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न झाली. भाषेची निवड म्हणजे वाचकाची, प्रेक्षकाची निवड, हे प्रमेय न्गुगींना त्यांच्या सरकारनेच सिद्ध करून दिले असे म्हणता येईल.

४

कामितीत त्यांची ओळख के६,७७ या क्रमांकापुरती उरली. तेथेच त्यांनी गिकुयुतून कादंबरी लिहिण्याचा निश्चय केला आणि तुरुंगात मिळणाऱ्या खरखरीत शौचकागदावर 'शैतानी मुथाराबा-इनी' ही कादंबरी लिहिली. एकदा झडतीत हे कागद जप्तही झाले. पुढे ते परत मिळाले. अध्यक्ष केन्याटा ऑगस्ट १९७८ मध्ये निवर्तले आणि १२ डिसेंबर १९७८ रोजी न्गुगींची सुटका झाली. विद्यापीठातील पद मात्र त्यांना परत मिळाले नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करावयास हवे. गिकुयुत लिहिणारे न्गुगी पहिले नव्हेत. गाकारा वा वांजाऊ यांनी १९४० च्या दशकापासून त्या भाषेत पुस्तके लिहून प्रसिद्ध केली होती, आणीबाणीत दीर्घ तुरुंगवास भोगला होता आणि तेथल्या दैनंदिनीसाठी त्यांना १९८४ चे नोमा पारितोषिक लाभले. परंतु आधुनिक कादंबरीच्या विस्ताराला पुरणारे गद्य न्गुगींना बरेचसे घडवावे लागले. मिशनऱ्यांनी बसविलेल्या लेखनपद्धतीत स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व आणि सूर नीट दर्शविले जात नसत, त्यामुळे एकच शब्द दोन तऱ्हांनी वाचला जाण्याचा धोका असे. कथनाचा प्रश्न त्याहून अवघड होता. 'अ ग्रेन ऑफ व्हीट'मधील गुंतागुंतीची कालरचना ऐकणाऱ्या श्रोत्याला झेपणारी नव्हती. त्यांनी गिचांडी या लोकवाद्याच्या साथीने गाणाऱ्या कथेकऱ्याला निवेदक केले, प्रवासाचे साधे सूत्र घेतले आणि सैतानाने भरविलेली चोर-दरोडेखोरांची स्पर्धा हे रूपक मध्यभागी ठेवले. मातातूतून, म्हणजे तिकडच्या गर्दीने भरलेल्या खाजगी प्रवासी गाडीतून, वारिंगा ही तरुणी इल्मोरोगला जाते. तेथे देशी धनिक आपण जनतेला कसे लुटले हे अभिमानाने सांगून बक्षिसासाठी झगडतात.

१९८० मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पहिली आवृत्ती लवकरच संपली आणि त्याच वर्षी पुनर्मुद्रण करावे लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मोठ्याने वाचली गेली. घरांत, मातातूंत, मद्यालयांत एकजण वाची आणि बाकीचे ऐकत. रंगात आलेल्या जागी वाचक थांबला की ऐकणारे त्याचा पेला पुन्हा भरून देत. छापील कादंबरी अशा रीतीने पुन्हा मौखिक झाली.

या कादंबरीचे शीर्षकही विचार करण्याजोगे आहे. त्यातील सैतानवाचक शब्द अरबीतून स्वाहिलीमार्गे गिकुयुत आला. मराठी वाचकालाही तो परका वाटू नये. 'क्रूस' या अर्थाचा शब्द त्याच मार्गाने आलेला. मूळ संहितेत इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन व स्वाहिली शब्दप्रयोग आहेत आणि इंग्रजी अनुवादात ते तिरप्या टंकात वेगळे दाखविले आहेत. न्गुगींनी जवळ केलेली गिकुयु ही अशी बाजारात, चर्चमध्ये, गाड्यांत मिसळून गेलेली कष्टकऱ्यांची बोली आहे. तिच्यात भाषिक शुद्धतेचा आग्रह नाही.

५

सुटकेनंतर कामिरीथुच्या गटाने 'माइतू न्जुगिरा' (आई, माझ्यासाठी गा) हे नवे संगीतनाट्य बसविले. त्याला परवानगी मिळाली नाही. मार्च १९८२ मध्ये पोलिसांनी गावकऱ्यांचे खुले नाट्यगृह जमीनदोस्त केले. त्याच वर्षी 'डेव्हिल ऑन द क्रॉस' या अनुवादाच्या प्रकाशनासाठी न्गुगी लंडनला गेले असता, परतल्यास अटक होणार असा निरोप त्यांना मिळाला. तेथून जो विजनवास सुरू झाला तो बावीस वर्षे टिकला.

विजनवासात लिहिलेली 'मातिगारी मा न्जिरुंगी' (१९८६) ही लोककथेच्या बांधणीची कादंबरी आहे. शस्त्र पुरून आणि शांतीचा पट्टा बांधून जंगलातून परतलेला लढवय्या आपले घर शोधतो, तर ते गोऱ्या मालकाच्या आणि त्याच्या काळ्या नोकराच्या मुलांनी व्यापलेले असते. सत्य आणि न्याय कोठे मिळेल असे विचारीत फिरणाऱ्या मातिगारी नावाच्या माणसाबद्दल लोक बोलू लागल्यावर त्याला पकडण्याचा हुकूम सुटला. तो कादंबरीतील नायक आहे हे कळल्यावर १९८७ मध्ये पुस्तकाच्या प्रती दुकानांतून उचलण्यात आल्या, असे न्गुगींनीच नोंदविले आहे.

'डीकॉलनायझिंग द माइंड'मध्ये न्गुगींनी इंग्रजीचा निरोप घेतला तो या सर्व घटनांनंतर. त्या पुस्तकातील भाषा, नाटक आणि कथात्म साहित्य यांवरील प्रकरणे म्हणजे शाळेतील गुंडी, कामिरीथुचा रंगमंच आणि कामितीतील कोठडी यांची उपपत्ती होय. परंतु निरोप घेताना परिस्थिती बदललेली होती. ज्या गावाने त्यांना भाषा परत दिली त्या गावापासून ते तुटले होते. पुढे येल, न्यूयॉर्क आणि २००२ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्व्हाइन येथील केंद्र अशी त्यांची अध्यापनाची ठिकाणे राहिली. १९९४ मध्ये त्यांनी 'मुतीरी' हे गिकुयु नियतकालिक काढले, तेही अमेरिकेतून. 'मुरोगी वा कागोगो' या प्रचंड कादंबरीचा 'विझार्ड ऑफ द क्रो' (२००६) हा इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतः केला आणि ती जगभर वाचली गेली ती प्रामुख्याने अनुवादात. आत्मचरित्राचे खंड त्यांनी इंग्रजीतच लिहिले. २००४ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा नैरोबीतील निवासस्थानी सशस्त्र माणसांनी त्यांच्यावर व त्यांच्या पत्नीवर निर्घृण हल्ला केला. कायमचे परतणे झाले नाही. २८ मे २०२५ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात त्यांचे निधन झाले.

या विसंगतीवर बोट ठेवणे सोपे आहे. चाळीसहून अधिक भाषांच्या केनियात गिकुयु ही सर्वांत मोठ्या समाजगटाची भाषा. तिचा आग्रह अन्य गटांना वर्चस्वाचा वाटू शकतो, हाही आक्षेप गंभीर आहे. अचेबे यांची भूमिका येथे आठवते. बहुभाषिक नायजेरियात इंग्रजीला इतिहासाने दिलेले स्थान त्यांनी मान्य केले, आणि मिशनऱ्यांनी निरनिराळ्या बोली जोडून बनविलेल्या प्रमाण इग्बोवर कठोर टीका केली. मातृभाषेचे लिखित रूपही वसाहतीचेच अपत्य असू शकते, हा त्यांचा मुद्दा न्गुगींच्या मांडणीत पुरेसा झिरपलेला दिसत नाही. न्गुगींचे उत्तर अनुवादाचे होते: भाषांनी एकमेकींशी थेट बोलावे, प्रत्येक वेळी इंग्रजीच्या दारातून जाऊ नये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची एक छोटी गिकुयु कथा पुढे शंभरावर भाषांत गेली. 'द परफेक्ट नाइन' हे त्यांचे काव्यमय कथन २०२१ च्या आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या दीर्घ यादीत आले. आफ्रिकेतील देशी भाषेतील मूळ साहित्यकृतीला हे स्थान प्रथमच मिळाले. भारतातील एक उदाहरण याहून बोलके आहे. 'डेव्हिल ऑन द क्रॉस'चा तेलुगू अनुवाद कवी वरवरा राव यांनी १९८० च्या दशकात तुरुंगात असताना केला. तुरुंगात जन्मलेली कादंबरी दुसऱ्या खंडातील तुरुंगात पुन्हा लिहिली गेली. तरीही ती तेथे पोहोचली इंग्रजीच्याच मार्गाने, हे विसरून चालणार नाही.

६

न्गुगींना देशीयतेच्या चौकटीत बसविताना यामुळे सावध राहावयास हवे. परंपरेशी इमान, मुळांकडे परतणे, संस्कृतीचे सातत्य या कल्पना त्यांच्या विचारात आहेत. परंतु त्यांचा निर्णय त्यांतून निघालेला नाही. एका बाईने विचारलेल्या प्रश्नातून आणि कुळा-कामगारांनी दुरुस्त केलेल्या संवादांतून तो निघाला. मातृभाषा आपली म्हणून ती श्रेष्ठ, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्यांच्या श्रमावर समाज उभा आहे त्यांना साहित्याच्या निर्मितीत आणि न्यायनिवाड्यात भाग मिळाला पाहिजे, आणि तो त्यांच्या भाषेवाचून मिळत नाही, असे होते.

या कसोटीने पाहता न्गुगींच्या उत्तरार्धातील विसंगतीही त्यांच्या सिद्धान्ताला दुजोराच देते. प्रेक्षक हिरावून घेतला की भाषा लेखकाजवळ उरते, पण तिच्यातील तपासणारे कान उरत नाहीत. राज्यसंस्थेने कामिरीथुचे लाकडी नाट्यगृह पाडले तेव्हा तिने नेमके हेच हिरावून घेतले. मातृभाषेतच लिहिणाऱ्या, आणि त्यासाठी कसलाही त्याग करावा न लागलेल्या भाषांतील साहित्यिकांपुढेही त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो. लेखन देशी भाषेत असणे पुरेसे मानावयाचे, की ते दुरुस्त करण्याचा अधिकार त्या भाषेतील सर्वांत खालच्या माणसाला आहे किंवा नाही, हेही विचारावयाचे? न्गुगींच्या भाषिक निर्णयाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाकडे नेणारा आहे.